खंड पडलेली साधना आणि पंचशील म्हणताना वाटणारी लाज

नमो बुद्धाय, जय भीम.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही 31 वर्षांचे आहात, पुण्यात फिरत्या पाळीची नोकरी करता आणि बौद्ध घरात वाढला आहात. दोन वर्षांपूर्वी इगतपुरीला 10 दिवसांचे विपश्यना शिबिर केलेत, त्यानंतर तीन महिने सकाळ-संध्याकाळ एकेक तास ध्यानाला बसलात, मग त्याचा अर्धा तास झाला, मग पंधरा मिनिटे, आणि आता कित्येक आठवडे काहीच नाही. संध्याकाळी आई वंदना घेतात तेव्हा तुम्ही हात जोडून शेजारी बसता, पण मन मोबाइलमध्ये असते. कार्यालयातल्या पार्टीत कधीतरी बिअर घेता आणि दुसऱ्या दिवशी पाचवे शील, म्हणजे नशेपासून दूर राहण्याचे, म्हणताना जीभ अडखळते. म्हणून तुम्ही विचारले आहे की मन खरोखर तयार होईपर्यंत वंदना आणि पंचशील म्हणणे थांबवावे का, आणि सातत्य येते तरी कसे.

थांबवू नका, हे आधीच सांगून टाकते. मात्र याच उत्तरावर थांबले तर तुमचा खरा प्रश्न तसाच राहील. तुमच्या लिहिण्यावरून मला असे दिसते की प्रामाणिकपणा म्हणजे मनात दाटून आलेली एक विशिष्ट भावना, असे तुम्ही धरून चालला आहात. शिबिराच्या दहाव्या दिवशी जी होती तीच ही भावना. ती नसली की बसणे खोटे वाटते, म्हणून तुम्ही बसत नाही. बसत नाही म्हणून स्वतःविषयी अविश्वास वाढतो. आणि अविश्वास वाढला की ती भावना आणखी लांब जाते. या फेऱ्यात मी स्वतः अडकले होते आणि विहारात येणारे अनेक जण अडकलेले पाहिले आहेत. साधनेला खंड पडणे हे त्यात फारसे गंभीर नसते. पडलेल्या खंडाशी आपण कसे वागतो, तो झाकतो की सरळ पाहतो, यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते.

माझी ओळख एवढीच की मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, नोकरीची बहुतेक वर्षे पाळ्यांमध्ये गेली, पहिले शिबिर 1998 साली केले आणि आता निवृत्तीनंतर नाशिकमधल्या आमच्या विहारात रविवारची सामूहिक बैठक सांभाळते. मी आचार्य नाही. जे लिहिते आहे ते एका उपासिकेचा अनुभव म्हणून वाचा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी बाजूला काढू. साधना सुटण्यामागे जर महिनोन्महिने झोप न लागणे, कशातच रस न वाटणे किंवा जगण्याचाच कंटाळा येणे असे काही असेल, तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावे, आणि लांब मौन शिबिर हा त्यावरचा उपाय समजू नये. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराविषयी विचारलेले असते, त्याला कारण आहे. घरात तान्हे बाळ असेल किंवा कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर तासाचा हिशेब वेगळा होतो. साधनेची रीत कोणती, हेही महत्त्वाचे आहे. तुम्ही आनापान (श्वास पाहणे) आणि विपश्यना (शरीरावरच्या संवेदना पाहणे) शिकला आहात, तेव्हा त्यात दर महिन्याला नवे काही मिसळू नका. आणि आपल्या समाजात असेही अनेक निष्ठावान उपासक आहेत, ज्यांची रोजची साधना म्हणजे वंदना, वाचन आणि वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेणे. ते डोळे मिटून बसत नाहीत. त्यांना मी कमी लेखत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मोठा भाग वागण्याचा आहे: अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता (अंगी बाणवायचे सद्गुण), प्राणिमात्रांविषयी दया, चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे. बसणे हे या वागण्याला बळ देण्यासाठी आहे, असे मी मानते.

आता माझ्या बाबतीत काय घडले ते सांगते, कारण माझे सगळे उत्तर त्यावरच उभे आहे. शिबिरानंतर सहा-सात वर्षांनी माझी बदली अतिदक्षता विभागात झाली आणि हळूहळू माझे बसणे पूर्ण थांबले. विहारात मात्र मी जात होते, वंदना घेत होते आणि लोक मला जुनी साधक म्हणून ओळखत होते. एका रविवारी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "ताई, तुम्ही रोज किती वेळ बसता?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ एकेक तास." त्या वेळी मला बसून चार महिने झाले होते, आणि पाचच मिनिटांपूर्वी सगळ्यांकडून 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटे न बोलण्याचे शील, मीच म्हणवून घेतले होते.

त्या रात्री मी बसायचा प्रयत्न केला आणि बसू शकले नाही. श्वासाकडे लक्ष नेले की ते वाक्य समोर उभे राहायचे. आठवडाभर तसेच गेले. पुढच्या रविवारी बैठक संपल्यावर त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितले की मी तुला खोटे सांगितले, मी सध्या अजिबात बसत नाही. तिने रागावण्याऐवजी सुटकेचा श्वास सोडला, कारण तिचेही सुटले होते आणि ताईंना जमते मग आपल्यालाच का जमत नाही, या विचाराने ती धम्म सोडण्यापर्यंत आली होती. त्या संध्याकाळी आम्ही दोघी विहारात वीस मिनिटे बसलो. बैठक अगदी साधी झाली, मन शंभर ठिकाणी गेले, तरीही इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिथे खरोखर बसले होते.

बुद्धांनी राजगृहाजवळ अंबलट्ठिकेत आपल्या मुलाला, लहानग्या राहुलला, जे शिकवले, ते मला त्यानंतर कळू लागले. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून ते म्हणतात की जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण, म्हणजे साधूपण, एवढेसेच असते. मग ते पाणी फेकून देतात, भांडे पालथे करतात, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखवतात. त्यानंतर ते आरशाचे उदाहरण घेतात: आरसा जसा पाहण्यासाठी, तसे आपले कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. वाणीने किंवा शरीराने चूक झाल्याचे दिसले, तर ती शास्त्यापाशी (गुरूपाशी) किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड करावी आणि पुढे सावध राहावे. चूक कधीच होणार नाही, असे यात गृहीत धरलेले नाही. पाहणे, सांगणे आणि पुढे जपणे, एवढाच क्रम आहे. मला प्रामाणिकपणाची याहून नेमकी व्याख्या कुठे सापडलेली नाही, आणि तिच्यात भावना दाटून येण्याचा उल्लेखही नाही.

आता तुमच्या पाचव्या शिलाकडे येऊ. आपण जे म्हणतो त्यातले शब्द नीट पाहा: 'वेरमणी सिक्खापदं समादियामि'. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, आणि समादियामि म्हणजे मी तो स्वीकारतो. 'मी कधीही पीत नाही' असे प्रतिज्ञापत्र तुम्ही देत नसता. अलिप्त राहण्याचे शिक्षण आजपासून पुन्हा घेतो, असे म्हणत असता. म्हणूनच ते रोज म्हणायचे असते. काल चुकले म्हणून आज म्हणायचे नाही, हे ताप आला म्हणून औषध थांबवण्यासारखे होईल. पण याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. पुढच्या शुक्रवारी पुन्हा घ्यायची हे मनाशी ठरलेलेच असेल आणि तरीही शिकण्याचा शब्द उच्चारला जात असेल, तर तिथे शिकणे उरत नाही, आणि तुमची जीभ अडखळते ती योग्यच अडखळते. त्या अडखळण्याला शत्रू समजू नका. पाली भाषेत तिला हिरी, म्हणजे वाईटाची लाज, म्हणतात, आणि ती शिलाची राखण करते.

करायचे काय, ते अगदी व्यवहाराचे आहे. पार्टीला जाण्याआधी, घरातून निघतानाच ठरवा. तिथे पोहोचून ग्लास समोर आल्यावर ठरवू नका. कुणी आग्रह केला तर "मी घेत नाही" एवढे तीन शब्द पुरतात. कारण सांगायला गेलात की वाद सुरू होतो आणि वादात माणूस हरतो. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने पहिले तीन महिने पार्टीला जाणेच बंद केले, कारण त्याला स्वतःचा भरवसा नव्हता, आणि मला तो निर्णय अतिशय शहाणपणाचा वाटला. शिवाय पाचही शिलांची झाडाझडती एकदम घेऊ नका. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत एकच शील नजरेसमोर ठेवा. बाकीची चार सोडून द्यायची नसतात, पण रात्री झोपण्याआधी ज्याच्याविषयी स्वतःला विचारायचे, ते एक असावे.

वंदनेत मन लागत नाही, ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. लहानपणापासून पाठ झालेल्या गाथा आपोआप तोंडातून बाहेर पडतात आणि मन मोकाट सुटते. यावर जोर लावून एकाग्र होण्याचा प्रयत्न मी करून पाहिला, त्याने फक्त डोके दुखले. उपयोग झाला तो अर्थापाशी थांबण्याचा. पुष्पपूजेच्या गाथेत आपण म्हणतो, 'पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं', म्हणजे हे माझे फूल जसे कोमेजते तसेच हे शरीरही विनाशाकडे जाते. मी ही ओळ वीस वर्षे म्हटली होती. एकदा अतिदक्षता विभागातून रात्रपाळी करून घरी आले, त्या रात्री माझ्या हाताखालचे दोन रुग्ण गेले होते, आणि बुद्धमूर्तीसमोर आदल्या संध्याकाळी वाहिलेला मोगरा तपकिरी होऊन पडलेला दिसला. तेव्हा ती ओळ मला पहिल्यांदा ऐकू आली. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली: रोजचे एक फूल काढून न टाकता दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवायचे आणि नवे वाहण्याआधी जुन्याकडे नीट पाहायचे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. तुम्ही आठवड्याला एक गाथा निवडा, तिचा शब्दशः अर्थ आईंना विचारा किंवा भन्तेंना विचारा, आणि त्या आठवड्यात त्या एकाच ठिकाणी हळू व्हा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. शक्य असेल तर आठवड्यातून एक दिवस आईंच्या जागी तुम्ही वंदना घ्या, कारण म्हणवून घेणाऱ्याला पुढची ओळ सांभाळावी लागते आणि मन आपोआप परत येते.

आता सातत्याचा भाग. शिबिराच्या शेवटी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसण्यास सांगितले जाते, आणि ती सूचना योग्य आहे. ज्यांना जमते त्यांनी ती जरूर पाळावी. पण जो माणूस शून्यावर आला आहे, त्याने दोन तासांचे ओझे डोक्यावर घेऊन पुन्हा सुरुवात केली की चौथ्या दिवशी तो पुन्हा शून्यावर येतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मी पंधरा मिनिटांपासून सुरुवात करायला सांगते. ही पंधरा मिनिटे मात्र मोडायची नाहीत.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत पौर्णिमेला आम्ही जातो. तिथल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी 3000 कार्षापणांची (त्या काळची नाणी) अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे (संघटनांकडे) ठेवली. त्यांतल्या 2000 वर दरमहा शेकडा 1 व्याज, आणि त्या व्याजातून त्याच्या लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून पाहा, वर्षाचे 240 बरोबर जुळतात. लेखात स्पष्ट लिहिले आहे की मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. मी नव्या साधकांना हा लेख दाखवते आणि सांगते की तुमची पंधरा मिनिटे हे मुद्दल आहे. एखाद्या दिवशी पाऊण तास बसलात तर ते व्याज. आनंदाने घ्या, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या बदल्यात मुद्दलाला हात लावू नका. काल जास्त झाले म्हणून आज सुट्टी, हा हिशेब मनाला फार लवकर सुचतो.

पाळी फिरती असेल तर घड्याळाची वेळ ठरवण्यात अर्थ नाही. मी एखाद्या कृतीला जोडून बसत असे: कामावरून आले, आंघोळ झाली, केस पुसले की खाण्याआधी आसनावर. पाळी कोणतीही असो, आंघोळ रोज होतेच. आसन पलंगावर नसावे, कोपरा ठरलेला असावा, आणि बसताना आज किती मिनिटे बसणार हे मनात स्पष्ट म्हणावे. सुरुवातीचा सगळा वेळ आनापानालाच द्या. शिबिरातही पहिले साडेतीन दिवस आपण तेवढेच करतो. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास आहे तसा पाहायचा, बैठक चांगली झाली की वाईट याचा निकाल द्यायचा नाही. वहीत लिहायचे असेल तर फक्त 'बसलो' किंवा 'नाही बसलो' लिहा. 'नाही' लिहिताना कारण लिहू नका, कारणांच्या याद्या लवकरच पुरावे बनतात.

रात्रपाळीनंतर झोप येते, तिची लाज बाळगू नका. बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान बसल्या बसल्या पेंगत होते तेव्हा बुद्धांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले: मनातला विषय बदलावा, ऐकलेला धम्म आठवावा, तो मोठ्याने म्हणावा, कान ओढून अंग चोळावे, उठून डोळ्यांना पाणी लावून आकाशातल्या नक्षत्रांकडे पाहावे, उजेडाकडे मन न्यावे, येरझाऱ्या घालाव्यात. एवढे करूनही झोप गेली नाही तर उजव्या कुशीवर, पुन्हा उठण्याची जाणीव मनात ठेवून, झोपावे. महामोग्गल्लानांना जी मुभा मिळाली ती तुम्हालाही आहे. ती शेवटी आहे, एवढे लक्षात ठेवा.

तुम्ही विचारले आहे की भावना नसताना बसण्याचा उपयोग काय. श्रावस्तीच्या एका उपदेशात याचे थेट उत्तर आहे. खुडूक कोंबडीने आठ, दहा किंवा बारा अंडी नीट उबवली असतील, तर 'माझी पिल्ले सुखरूप बाहेर यावीत' अशी इच्छा तिने मनात आणली नाही तरी पिल्ले बाहेर येतात. आणि नीट उबवली नसतील, तर कितीही इच्छा केली तरी येत नाहीत. त्याच उपदेशात सुताराच्या वाकसाचा (लाकूड तासण्याच्या हत्याराचा) दांडा आहे. त्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसतात, पण आज किती झिजला, काल किती झिजला, हे सुताराला सांगता येत नाही. झिजला एवढेच कळते. तुम्ही दर आठवड्याला मनाची शांती मोजत आहात, आणि ती वाढलेली दिसत नाही म्हणून स्वतःला खोटे ठरवत आहात. माझ्यातला बदल मला आधी कळलाच नाही. एकदा वॉर्डात एका रुग्णाचे नातेवाईक माझ्यावर ओरडत होते आणि मी उलट आवाज न चढवता त्यांना पाणी दिले, हे माझ्या सहकारी सिस्टरने मला संध्याकाळी सांगितले.

इथपर्यंतचे सांगणे एका जागी आणते: जे झाले ते खरे सांगा, शील हे शिकणे समजा, आणि बसण्याचे मुद्दल लहान ठेवून ते जपा. तुमच्या पत्रातून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा डोकावते, ती अजून राहिली आहे. तुम्ही 'अपराधी' हा शब्द चार वेळा लिहिला आहे. पाच नीवरणांमध्ये, म्हणजे मनाच्या अडथळ्यांमध्ये, कामच्छंद (विषयांची ओढ), व्यापाद (द्वेष) आणि थीनमिद्ध (सुस्ती) यांच्याबरोबर उद्धच्च-कुक्कुच्च येते, आणि कुक्कुच्च म्हणजे केलेल्या-न केलेल्याची चुटपुट. चुटपुट हा साधनेतला अडथळा म्हणून मोजला आहे, साधना म्हणून नाही. हिरी चुकीच्या आधी थांबवते आणि चुकीनंतर सुधारायला लावते. कुक्कुच्च चुकीपाशीच बसवून ठेवते. आज बसलो नाही याचे दुःख तासभर करत राहिलात, तर त्याच तासात चार वेळा बसता आले असते.

आणि हे एकट्याने करू नका. अर्धे ब्रह्मचर्य (इथे अर्थ धम्माचे जीवन) म्हणजे कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या मार्गावरचे सोबती, असे बुद्धांचे शिष्य आनंद यांनी म्हटले तेव्हा बुद्धांनी त्यांना दुरुस्त केले आणि कल्याणमित्र म्हणजे सगळे ब्रह्मचर्य आहे असे सांगितले. तुमच्या भागात साप्ताहिक सामूहिक साधना असेल तर तिथे जा, आणि तिथल्या एका माणसाला सगळे खरे सांगा: किती बसता, किती नाही, बिअरचेही. माझे उलट झाले होते, मी खोटे आधी सांगितले आणि खरे नंतर. तुम्ही खऱ्यापासून सुरुवात करू शकता.

सोमवारपासून तुमची रात्रपाळी आहे असे तुम्ही लिहिले आहे. सकाळी घरी पोहोचाल तेव्हा आई बहुधा चहा ठेवत असतील. चहा घेण्याआधी आंघोळ करून पंधरा मिनिटे बसा, आणि मग चहा घेताना त्यांना सांगा की बरेच आठवडे माझे बसणे सुटले होते, आज पुन्हा बसलो. संध्याकाळच्या वंदनेआधी तुम्हाला निघावे लागत असेल, तर त्या आठवड्यापुरती सकाळची वंदना तुम्ही दोघे मिळून म्हणता येईल का, हेही तेव्हाच विचारा.